क्लासिफाय करून ठेवलंय

सरकारी कार्यालयात कागद मागायला गेलेल्या माणसाला हल्ली ‘नाही’ असे उत्तर कोणी देत नाही. नाही म्हणणे उद्धटपणाचे दिसते, शिवाय उद्या कोणी ते लेखी मागितले तर पंचाईत. त्यामुळे ‘नाही’ सेवानिवृत्त झाला आणि त्याच्या जागी दोन इंग्रजी क्रियापदे अनुकंपा तत्त्वावर रुजू झाली. एक सॉर्ट करणे, दुसरे कॉन्फिडेन्शियल ठेवणे. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या माणसाला या दोघांची ओळख लवकर होते. तो पाथर्डीला गेला काय किंवा करंजीचा घाट चढून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेला काय, खिडकीवरचे बोलणे साधारण एकाच वळणाचे असते.

“साहेब, जुन्या फेरफाराची नक्कल पाहिजे होती.”

“रेकॉर्ड सॉर्ट करायला घेतलंय, आण्णा.”

“कधी घेतलंय?”

“ते कॉन्फिडेन्शियल आहे.”

आण्णा मुकाट्याने बाहेर येतात, टपरीवर कटिंग घेतात आणि शेजारच्याला सांगतात, “काम चालूय म्हणले.” आण्णांचे काही चुकत नाही. काम चालू असतेच; फक्त कोणते, हे कळायला मार्ग नसतो.

इंग्रजी भाषेने या बाबतीत मोठी काटकसर केली आहे. ‘क्लासिफाय’ हे एकच क्रियापद ती दोन कामांना जुंपते. वस्तूंचे प्रकार पाडणे हेही क्लासिफाय आणि कागद लोकांच्या नजरेआड करणे हेही क्लासिफाय. वरवर हा विक्षिप्तपणा वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. सरकारी कागदांचे वर्ग पाडायचे आणि वरच्या वर्गातले कुलपात घालायचे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कागदांनाही परमगुप्त, गुप्त, गोपनीय आणि प्रतिबंधित अशा चार पायऱ्या आहेत आणि त्यांच्या पाठीशी 1923 सालचा शासकीय गुपितांचा कायदा काठी घेऊन उभा आहे. म्हणजे इंग्रज साहेबाचा क्रम असा: आधी निवडा, मग लपवा. माझे म्हणणे इतकेच की हा क्रम आपल्या हवापाण्याला मानवला नाही, म्हणून आपण त्यात मूलगामी सुधारणा केली. कागद लपवायचा असेल तर तो निवडायचाच नाही, हा खास आपला शोध. कुलूप फुटू शकते, किल्ली हरवू शकते, शिपाई फितूर होऊ शकतो. पण न निवडलेल्या ढिगातून हवा तो कागद काढणे खुद्द ठेवणाऱ्यालाच जमत नाही, तिथे चोराची काय कथा! इतकी पक्की तिजोरी कोणत्याही कंपनीने अजून बनवलेली नाही, आणि तिला खर्च म्हणाल तर गठ्ठा बांधायला लागणाऱ्या एका लाल रुमालाचा.

पुराव्याशिवाय असे बोलू नये, म्हणून पुरावा. माहितीच्या अधिकारात अर्ज केला की ‘ही माहिती गुप्त आहे’ असे उत्तर क्वचितच येते. तसे म्हणायचे तर कायद्याच्या कलम 8 मधले नेमके पोटकलम दाखवावे लागते आणि त्यासाठी कायदा वाचावा लागतो. नेहमीचे उत्तर जास्त नम्र असते. ‘आपण मागितलेली माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे.’ या दोन वाक्यांत अख्खे तत्त्वज्ञान सामावले आहे. माहिती आहे, ती तुमचीच आहे, आम्ही काही लपवलेले नाही, तो पाहा ढीग, शिडी हवी तर शेजारच्या विभागातून मागून घ्या. अर्जदार ढिगाकडे पाहतो, ढीग अर्जदाराकडे पाहतो, आणि दोघांपैकी ज्याला पेन्शनची घाई नसते तो जिंकतो. कायदा करणाऱ्यांना ही मखलाशी ठाऊक होती असे दिसते. 2005 च्या केंद्रीय कायद्याचे कलम 4 उघडले तर त्यातला पहिलाच हुकूम असा की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची आणि निर्देशांक करून नीट लावून ठेवावेत. माहिती देण्याची, अर्जाची, अपिलाची भाषा त्यानंतर येते. आधी निवडा, मग द्या. यात आमच्या जिल्ह्याला मिरवण्यासारखे खूप आहे, कारण या हक्कासाठीची महाराष्ट्रातली चळवळ पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून उभी राहिली, अण्णा हजारे 2003 साली त्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसले, आणि केंद्राच्या आधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला. उपोषणाने कायदा आला. ढीग मात्र उपोषणाला बधत नाही. तो मुळात काही खातच नाही, कागद सोडून.

मिरवण्यासारखी दुसरीही गोष्ट याच जिल्ह्यात घडली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कलेक्टर कचेरीतले जुने कागद उपसून काढले, नको ते निकालात काढले, हवे ते ओळीने लावले, टेबलांची मांडणी बदलली. मागितलेला कागद सापडू लागला. सरकारी कार्यालयात कागद सापडणे ही इतकी अलौकिक घटना ठरली की तिला ‘लखिना पॅटर्न’ असे नाव मिळाले आणि ती देशभर सांगितली जाऊ लागली. आता सांगा, ज्या देशात वस्तू जागेवर ठेवणे याला पॅटर्न म्हणतात आणि पॅटर्नला माणसाचे नाव देतात, त्या देशात ती गोष्ट किती दुर्मीळ असेल! नियमांची उणीव तेव्हाही नव्हती, आजही नाही. आपल्याकडे ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षांचा, ‘क-1’ दहा वर्षांचा, ‘क’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ वर्गाचा एका वर्षाचा. प्रत्येक लिपिकाने आपल्या टेबलावरच्या प्रकरणांचे सहा गठ्ठे करावेत अशीही पद्धत आहे. प्रत्यक्षात गठ्ठा एकच असतो आणि तो सहा ठिकाणी ठेवलेला असतो. ‘ड’ वर्गाचा कागद, म्हणजे कोणाच्या तरी किरकोळ रजेचा अर्ज, साहेब बदलून गेले, रजा घेणारा निवृत्त झाला, तरी शाबूत राहतो, आणि ‘अ’ वर्गाच्या कागदाला वाळवी लागते. वाळवीला वर्गवारी कळते, असे मानायला जागा आहे.

2023 साली मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभरच्या कचेऱ्यांत जुने रुमाल सुटले. बाजूने असलेल्याला आणि विरोधात असलेल्याला, दोघांनाही एक गोष्ट मान्य करावी लागली, की हे कागद इतकी वर्षे तिथेच होते. ते कोणी गुप्त केले नव्हते, त्यांवर कसलाही शिक्का नव्हता. ते फक्त लावलेले नव्हते. वरून बरेचसे मोडीत होते, आणि मोडी वाचणारे हुडकायला पुन्हा वेगळी यादी करावी लागली. एखाद्या समाजाचे प्रश्न ज्या कागदावर अडतात, तो कागद दोन-तीन पिढ्या शिपायाच्या स्टुलामागे बसून राहतो आणि कोणाच्या डोळ्याला पडत नाही, याहून कडक बंदोबस्त गुप्तहेर खात्यालाही जमला नसता.

आता यावर कोणी म्हणेल, मराठी माणसाला मुळात निवडानिवडच जमत नाही. हा आरोप मात्र मी ऐकून घेणार नाही. खळ्यावर चला. कांद्याच्या ढिगापुढे बसलेल्या बाईचे हात पाहा. डाव्या हाताने कांदा उचलायचा, अंगठ्याने मान दाबून पाहायची, उजव्या हाताने पात मुरगळून टाकायची, आणि तो कांदा न बघता मागे ज्या ढिगात फेकायचा त्याच ढिगात जाऊन पडतो. मोठा माल एकीकडे, मध्यम एकीकडे, गोल्टा, गोल्टी, चिंगळी, जोड आणि शेवटी बदला. तिचे तोंड तेवढ्या वेळात शेजारणीशी सुनेविषयी बोलत असते, तरी हात चुकत नाही. तिला विचारा, “मावशी, काय करताय?” ती म्हणेल, “कांदा निवडतेय, दिसत नाही व्हय?” ‘सॉर्टिंगची प्रोसेस अंडर वे आहे’ असे ती म्हणत नाही, कारण संध्याकाळी ढीग संपलेला दिसला नाही तर मजुरी मिळत नाही. जनावरांच्या बाजारातही तेच. खोंडाच्या ओठात बोट घालून तोंड उघडले की तो आदत आहे, दोनदाती, चारदाती की जुळलेला, हे तिथल्या तिथे ठरते आणि भावही त्याप्रमाणे ठरतो. तिसगावहून हाकेच्या अंतरावर मढी आहे. रंगपंचमीच्या सुमाराला कानिफनाथांच्या यात्रेत तिथे गाढवांचा बाजार भरतो. तिथे गाढवाचीसुद्धा काठेवाडी आणि गावरान, दुवान आणि चौवान, कोरा आणि जवान अशी प्रतवारी चोख होते. गाढवाच्या नशिबी असलेली ही शिस्त सातबाऱ्याच्या नशिबी का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि गुपिताचे म्हणाल तर ते राखण्यातही आमचे पूर्वज कोणाला ऐकत नव्हते. जनावरांच्या बाजारात आजही रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा होतो. भोवती माणसांचे कोंडाळे असते, मधे दोन हात झाकलेले असतात, दोन्ही चेहरे कोरे असतात, आणि एका बोटाच्या दाबाने हजारांचा फरक पडतो. व्यापारी आणि दलालांची तर स्वतंत्र नंदभाषा होती. त्यांचा एक म्हणजे केवली, पाच म्हणजे मुळू, सात म्हणजे पवित्र, दहा म्हणजे अंगुळू. गिऱ्हाइकासमोर उघड उघड त्याला किती कापायचे हे ठरवायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचे की शेठजी देवाचे नाव घेत आहेत. (शेवटी मोल्सवर्थ साहेबाने ही भाषा आपल्या कोशात छापून टाकली. गुपित फोडायला शेजारी लागतो असे नाही, कोशकारही चालतो.) महानुभावांनी याच्याही वरताण केली. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या रचल्या, आणि पंथाबाहेरच्या महाराष्ट्राला शतकानुशतके त्या ग्रंथांतले अक्षर लागले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा कुठे ते मराठी बाहेर आले. बघा, इथे मात्र क्रम साहेबाचाच आहे. लिपीत प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा, नंदभाषेत प्रत्येक आकड्याला ठरलेले नाव. ज्याला खरेच लपवायचे असते तो आधी नीट लावतो. ज्याला काहीच करायचे नसते तो ढीग करतो आणि त्याला इंग्रजी नाव देतो.

तेव्हा भेद असा दिसतो की ज्या कामात स्वतःचा पैसा किंवा श्रद्धा अडकलेली असते, तिथे आपण निवडतो, चाळतो, पाखडतो, वेचतो, झाकतो, दडवतो. ज्या कामात दुसऱ्याचा वेळ अडकलेला असतो, तिथे आपण सॉर्ट करतो. ‘निवडले का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते आणि पुढे ढीग दिसत असतो. ‘सॉर्ट होतंय’ यात कर्ता कोण, हे व्याकरणाच्या मास्तरांनाही सांगता येणार नाही. ते आपोआप होत असते, पावसासारखे. आणि पाथर्डी तालुक्यात पाऊस कसा होतो, हे तिथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

इथे भाषाशुद्धीवाले खुशीत येऊन माझी पाठ थोपटतील, म्हणून त्यांना आधीच थांबवतो. परक्या शब्दांशी माझे भांडण नाही. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून सुमारे 1400 फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तरी दप्तर ते दप्तरच राहिले आणि पोरे ते पाठीला लावून अजून शाळेत जातात. शब्द कुठून आला यापेक्षा तो आल्यावर कामाला लागला की नाही, हे महत्त्वाचे. इंग्रजी अमदानीत गावच्या हिशेबाचे नमुने ठरले, त्यांना क्रमांक पडले. त्यातला नमुना सात आणि नमुना बारा शेतकऱ्याने एकत्र उचलला आणि ‘सातबारा’ असा अस्सल मराठी शब्द केला. कोणा भाषा समितीची बैठक झाली नाही, कोणी चहा-बिस्किटांचे बिल लावले नाही. वर्गवारी गरजेची होती म्हणून तिचा नुसता क्रमांकही मराठीत रुळला, इतका की आता भावाभावांत भांडण झाले तर तेही सातबाऱ्यावरच होते.

याहून जड आक्षेप टपाल खात्याकडून येतो, आणि तो मला मानावा लागेल. टपालात ‘सॉर्टिंग’ हाच शब्द चालतो, त्याला कोणी प्रतवारी म्हणत नाही, आणि तरीही काम होते. रेल्वे मेलचे सॉर्टर चालत्या गाडीत उभ्याने पत्रे लावत. पत्त्यावर नुसते ‘तिसगाव’ लिहिणारे पाहुणे आपल्याकडे कमी नाहीत, आणि तिसगावे तर कल्याणला एक, छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला एक, दिंडोरी तालुक्यात एक आणि हे आमचे पाथर्डी तालुक्यातले एक. आमच्या तिसगावच्या मुलीचे स्थळ कल्याणच्या तिसगावला गेले तर लग्न कोणाचे लागेल? हा घोटाळा निस्तरला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतात काव्य करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने. 15 ऑगस्ट 1972 ला त्यांचा पिनकोड लागू झाला. त्यात पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा आणि तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा. 414 दिसले की थैली नगरची, मग गावाचे नाव कितीही वेळा कुठेही असो. हे इंग्रजी क्रियापद कामसू निघाले याचे कारण उघड आहे: पुढची गाडी सुटायच्या आत थैली रिकामी करावी लागे. कचेरीतल्या सॉर्टिंगची गाडी अजून फलाटालाच लागलेली नाही, मग सुटण्याची घाई कोण करणार?

घराघरातला कचराही याच वाटेने चालला आहे. 2016 च्या नियमांनी कचरा घरातच ओला, सुका आणि घातक असा वेगळा करणे बंधनकारक केले. हिरवा डबा आला, निळा डबा आला, भिंतीवर रंगीत चित्र आले, आणि ‘सेग्रिगेट करणे’ हे क्रियापद आले. सून मन लावून वांग्याची देठे एकीकडे आणि दुधाच्या पिशव्या एकीकडे टाकते. सकाळी गाणे वाजवत गाडी येते.

“दादा, ओला-सुका सेग्रिगेट केलाय बरं का.”

“टाका ताई. आत एकच होतो.”

आता या दादाला दोष देऊन काय उपयोग? त्याने माहिती दडवली नाही, उलट या सगळ्या व्यवहारातला सर्वांत पारदर्शक माणूस तोच.

गुपिताच्या बाजूला आणखी गंमत आहे. जे झाकायचे ते आपल्याकडे ओरडून सांगितले जाते. सेवा केंद्राच्या दारात उभा राहून मुलगा रस्त्यापलीकडच्या आजोबांना हाक मारतो, “बाबा, ओटीपी आला का?” बाबा चष्मा कपाळावर चढवून सहाच्या सहा आकडे अशा खणखणीत आवाजात वाचतात की एसटी स्टँडवरच्या चौकशीवाल्याने लाजावे. त्याच संदेशाच्या शेवटी ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ असे लिहिलेले असते. बाबा तेही वाचून दाखवतात. व्हॉट्सॲपवर ‘कॉन्फिडेन्शियल, पुढे पाठवू नये’ असा मजकूर येतो आणि त्याच्या डोक्यावर कंपनीने ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शेरा मारलेला असतो. नोकरदारांचा गोपनीय अहवाल म्हणजे सीआर. वर्षानुवर्षे तो ज्याच्याविषयी असे त्यालाच ठाऊक नसे, बाकी चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक असे. 2008 साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. म्हणजे ज्याचे गुपित त्याला ते कळावे, यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. आणि गुप्त मतदान? यंत्राला कोणाचे नाव कळत नाही हे खरे, पण निकाल मतदान केंद्रनिहाय छापला जातो. मग वस्तीवर बसून तोंडी हिशेब होतो, “त्या बूथला आपली एवढी मतं, त्यातून चुलत्याची गेली, मामाची आलीच नाहीत,” आणि रात्रीपर्यंत आख्खा प्रभाग ‘आपला’, ‘त्यांचा’ आणि ‘काठावरचा’ असा लावून तयार असतो. ही वर्गवारी मात्र एका रात्रीत होते, तिला मनुष्यबळ कमी पडत नाही आणि सर्व्हर डाउन होत नाही.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे आणि तो थट्टेवारी नेता येणार नाही. काही माहिती खरोखरच झाकली पाहिजे: रोग्याचा आजार, तक्रार करणाऱ्याचे नाव, पीडित बाईची ओळख, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे तो आकडा. मान्य, शंभर टक्के मान्य. पण नेमकी हीच माहिती आपल्याकडे झाकलेली नसते. कर्जमाफीची यादी चावडीवर लागते आणि पाहुणे सोयरिकीला येण्याआधी ती वाचून येतात. आणि जी उघडी हवी, म्हणजे रस्त्यासाठी आलेले पैसे कुठे गेले, टँकरच्या किती खेपा झाल्या, मोजणी का अडली, ती लाल रुमालात. ताकाला जाऊन भांडे लपवणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. हल्ली भांडे सगळ्यांना दाखवून ताक लपवतात.

संगणक आला म्हणजे हे सगळे मिटेल असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोणाचाही संगणक उघडावा. लेखकाचा उघडावा, म्हणजे माझ्याच जातकुळीतल्या माणसाचा, कारण शिस्तीवर लेख लिहिण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पडद्यावर ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’, ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे जुने’, ‘लेख फायनल’, ‘लेख फायनल खरा’ आणि ‘लेख फायनल हाच’ असा परिवार सुखाने नांदत असतो. संपादकांचा फोन आला की यातला नेमका कोणता पाठवायचा, हे साक्षात लेखकालाही ठाऊक नसते. मग तोही घसा खाकरून सांगतो, “सॉर्ट करतोय, संध्याकाळपर्यंत देतो.” कोणती संध्याकाळ, ते कॉन्फिडेन्शियल. कागदाचा ढीग निदान वाऱ्याने उडतो, वाळवीने संपतो, रद्दीवाल्याला विकता येतो. संगणकातल्या ढिगाला यातले काहीच होत नाही. उलट त्याची रोज रात्री प्रत काढून ठेवतात.

म्हणून तिसगावकर आणि इतर सर्व आण्णांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी ‘सॉर्टिंग चाललंय’ असे ऐकले की त्या कागदाची माहिती मागूच नका. कलम 4 प्रमाणे अभिलेखांची सूची मागा. कोणत्या कपाटात, कोणत्या वर्गात, किती गठ्ठे, एवढीच यादी. यादी मिळाली तर कागद सापडेल. ती मिळाली नाही, तर सूची केलेली नाही असे लेखी द्यावे लागेल, आणि ते कोणालाच नको असते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा प्रस्तावना, म्हणी आणि साहेबांच्या घराण्याचा उद्धार वगळावा. वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवावे. आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण तुमचा अर्जही शेवटी त्याच गठ्ठ्यात जाणार आहे.